कार्डाची वाटणी, भूकंपाची नोंद

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्याची जमीन ४.५ तीव्रतेने हलली, आणि अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५, या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यात, रामेश्वर तांड्याच्या परिसरात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक तर जमिनीतून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षे ऐकत आहेत. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात असा आवाज कुणी सहज घेत नाही. या मुलखात शाळांमधून, महाविद्यालयांमधून भूकंपाच्या नोंदी ठेवणारी छोटी केंद्रे उभी राहावीत, असे मला फार वाटते. ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक २०१२ साली बाजारात आला. त्याला जमिनीची कंपने टिपणारा जिओफोन जोडलेले ‘रास्पबेरी शेक’ हे उपकरण २०१६ पासून मिळते. विजेचे कनेक्शन, स्थिर फरशी आणि लक्ष देणारा एक माणूस एवढ्यावर असे केंद्र चालते.

त्या केंद्राची सगळी स्मृती मात्र नखाएवढ्या मेमरी कार्डावर असते. लिनक्स तिथेच, नोंदीही तिथेच. ती जागा कशी वाटायची आणि एकदा वाटलेली जागा पुढे कशी कमीजास्त करायची, याची ही प्रस्तावना. तंत्रनिकेतनचा विद्यार्थी, विज्ञानाचे शिक्षक, घरी जुना लॅपटॉप असलेली अकरावीतली मुलगी, या सगळ्यांचे या विषयात स्वागत आहे.

आधी जागेचा हिशेब. जिओफोनच्या एका वाहिनीवरून सेकंदाला १०० मापे येतात, म्हणजे दिवसाला ८६,४०,००० मापे. प्रत्येकाला ४ बाइट धरले तर दिवसाचे सुमारे ३५ एमबी आणि वर्षाचे साडेबारा जीबी. प्रत्यक्षात जागा बरीच कमी लागते, कारण भूकंपशास्त्रातल्या रूढ साठवण पद्धतीत पूर्ण माप न लिहिता मागच्या मापाशी असलेला फरक लिहितात. जमीन शांत असली की फरक लहान, म्हणून फाइल लहान. जमीन हादरली की फाइल फुगते. ज्या दिवसाची नोंद सर्वांत मोलाची, त्याच दिवशी जागा जास्त लागते, हे वाटणी करतानाच ध्यानात ठेवावे.

आता नोंदी आणि लिनक्स एकाच पार्टिशनवर, म्हणजे कार्डाच्या एकाच वाट्यावर, असतील तर काय होते? नोंदी साठत जातात, पार्टिशन भरते, आणि मग लिनक्सला स्वतःच्या लॉग फाइलसाठीही जागा उरत नाही. एकेक सेवा बंद पडते. केंद्र बाहेरून चालू दिसते, पण लिहीत काहीच नसते. म्हणून नोंदींचे पार्टिशन वेगळे हवे. ते भरले तर जुन्या फाइली काढता येतात, आणि वीज अचानक गेल्यावर ते स्वतंत्रपणे तपासताही येते.

इथेच अडचण सुरू होते. रास्पबेरी पायच्या नेहमीच्या कार्डावर दोन पार्टिशने असतात: पहिले छोटे, फॅट३२ पद्धतीचे, बूटसाठी, दुसरे ईएक्सटी४ पद्धतीचे, ज्यात सगळे लिनक्स राहते. कार्ड पहिल्यांदा चालू होताच दुसरे पार्टिशन आपोआप कार्डाच्या शेवटापर्यंत पसरते. बहुतेकांसाठी ही सोयच आहे. आपल्याला मात्र तिसऱ्या पार्टिशनसाठी जागाच राहत नाही. ईएक्सटी४ वापरात असताना वाढवता येते, पण वापरात असताना आकसता येत नाही. म्हणून संगणक रीतसर बंद करायचा, कार्ड काढायचे, कार्ड रीडरने दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडायचे आणि तिथे काम करायचे. दुसरा संगणक नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारे लिनक्सही पुरते.

कार्डावर जागेच्या दोन वेगवेगळ्या नोंदी असतात, हे एकदा नीट उमगले की बाकीचे सोपे होते. पहिली नोंद पार्टिशन टेबलची. कार्डाच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांपैकी फक्त ६४ बाइटांत चार पार्टिशनांच्या हद्दी लिहिलेल्या असतात. दुसरी नोंद ईएक्सटी४सारख्या फाइल सिस्टीमची, जी आपण प्रत्यक्षात कुठपर्यंत पसरलो आहोत ते स्वतःपाशी ठेवते. सातबारा आणि वहिवाट यांच्यासारखेच हे नाते आहे. क्षेत्र वाढवायचे तर आधी कागदावर हद्द वाढवावी, मग कसायला जावे. कमी करायचे तर आधी वहिवाट मागे घ्यावी, मगच कागद बदलावा. कमी करताना क्रम उलटला की फाइल सिस्टीमचा शेवटचा तुकडा हद्दीबाहेर पडतो आणि त्यातली माहिती जाते.

क्रम बरोबर असूनही माणसे फसतात ती मोजमापात. फाइल सिस्टीमचा आकार बदलणाऱ्या रिसाइझ-टू-एफएसला ‘१२ जी’ सांगितले तर ते १०२४च्या पटीत मोजते: १२,८८,४९,०१,८८८ बाइट. हद्द बदलणाऱ्या पार्टेडला ‘१२ जीबी’ सांगितले तर ते १०००च्या पटीत मोजते: बरोबर १२ अब्ज बाइट. सुमारे ८८ कोटी बाइटांची ही तफावत एका आज्ञेत फाइल सिस्टीमची शेपटी तोडते. शिवाय पार्टेडला आपण पार्टिशनचा आकार सांगत नसतो. ते कार्डावर कुठे संपावे ते सांगत असतो, म्हणजे बूट पार्टिशनची जागाही त्यात मोजली जाते. माझा आग्रह असा की फाइल सिस्टीम हवी त्यापेक्षा थोडी जास्तच आकसावी, हद्द सढळ ठेवावी, आणि शेवटी आकार न सांगता रिसाइझ-टू-एफएस पुन्हा चालवावे. ते हद्दीपर्यंत स्वतः पसरते. आकसण्याआधी फाइल सिस्टीमची सक्तीची तपासणी करावीच लागते, आणि ते योग्यच आहे.

हद्द बदलायला पार्टेडऐवजी एफडिस्क वापरणाऱ्याने आणखी जपावे. तिथे पार्टिशनची नोंद पुसून नव्याने लिहितात. सुरुवातीचा सेक्टर पूर्वीचाच असला पाहिजे, एकाचाही फरक चालत नाही. ईएक्सटी४ची खूण पुसू का, असे एफडिस्क विचारते, तेव्हा ‘नाही’ म्हणायचे. आणि पूर्ण टेबल नव्याने बनवायचे नाही, कारण त्याने कार्डाचा ओळख क्रमांक बदलतो; बूटच्या सूचनांमध्ये पार्टिशन त्याच क्रमांकावरून शोधलेले असते, त्यामुळे सगळी माहिती शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही. काम सुरू करण्याआधी टेबलाची प्रत एका मजकुराच्या फाइलीत काढून दुसऱ्या संगणकावर ठेवावी. दोन मिनिटांचे काम आहे.

पार्टिशनचा शेवट सरकवणे सोपे, सुरुवात सरकवणे जड. जुन्या कार्डावरचे बूट पार्टिशन २५६ एमबीचे आहे आणि आता ५१२ एमबी हवे, तर पुढचे सगळे पार्टिशन उचलून आणखी पुढे न्यावे लागते. जीपार्टेड हे साधन ते करून देते, पण त्यात सगळ्या माहितीची नक्कल होते, आणि मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे अर्धे तिकडे राहते. वीज बेभरवशाची असेल तिथे मी नवे कार्ड तयार करून नोंदी त्यावर उतरवणेच पसंत करीन.

ही साधने आपल्याला सहज मिळतात, पण ती सगळी कायम अशी खुली नव्हती. रिसाइझ-टू-एफएस थिओडोर त्सो यांनी लिहिले. त्याचा १९९८चा प्रताधिकार त्यांच्याकडे आणि पॉवरक्वेस्ट या कंपनीकडे होता. एप्रिल २०००पासून ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले झाले. आज तालुक्याच्या गावातला विद्यार्थी त्याचा सोर्स कोड उघडून हद्द कशी हलते ते ओळीओळीने वाचू शकतो, आणि वाचावे असेच मी सांगेन.

सुरुवात मात्र कार्डावर करू नका. लिनक्समध्ये एक जीबीची रिकामी फाइल बनवा, तिलाच डिस्क म्हणून जोडा, तिच्यावर दोन पार्टिशने करा, ईएक्सटी४ घाला, काही फाइली ठेवा. मग दुसरे पार्टिशन आकसा, वाढवा. एकदा जाणूनबुजून उलट्या क्रमाने करा आणि तपासणीचा कार्यक्रम काय तक्रार करतो ते वाचा. बिघडले तर फाइल पुसून नवी बनवा. तक्रारी वाचून त्यांचे कारण सांगता येऊ लागले की कार्ड रीडर जोडा.