नाव तेच, हद्द वेगळी: कार्गोपोलचे कागद कुठे शोधाल?

समजा, उत्तर रशियातल्या एका ग्रामीण भागाची लोकसंख्या कशी बदलली हे तुम्हाला बघायचंय. १८९७ च्या जनगणनेत ‘कार्गोपोल’ सापडतं, १९३९ च्या जनगणनेतही सापडतं. दोन आकडे शेजारी मांडले, फरक काढला आणि कारण म्हणून सामूहिक शेतीवर बोट ठेवलं. झालं प्रकरण तयार! पण थांबा. ही दोन ‘कार्गोपोल’ एक नाहीत.

आधी भूगोल बघू. कार्गोपोल हे लाचा सरोवराजवळ, ओनेगा नदीकाठी वसलेलं जुनं व्यापारी गाव. ओनेगा या सरोवरातून निघते आणि उत्तरेला श्वेत समुद्राला मिळते. जंगल आणि दलदलीच्या या मुलखात नदी हाच मुख्य रस्ता. समुद्रकाठचं मीठ याच वाटेने वर यायचं. १८९० च्या दशकात वोलोग्दा-अर्खांगेल्स्क रेल्वे बांधली गेली, ती मात्र कार्गोपोलला बाजूला ठेवून पूर्वेकडच्या न्यान्दोमावरून गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता प्रशासन. झारच्या काळात उतरंड अशी होती: गुबेर्निया, तिच्याखाली उयेझ्द, त्याखाली वोलोस्त आणि मग गावं. कार्गोपोल उयेझ्द ओलोनेत्स गुबेर्नियात होता आणि तिची राजधानी होती पेत्रोझावोद्स्क. १९२२ मध्ये ही गुबेर्नियाच रद्द झाली आणि उयेझ्द वोलोग्दाकडे गेला. १९२९ मध्ये उयेझ्दही संपला. त्याजागी आले आकाराने लहान ‘रायोन’, आणि वरचं मुख्यालय झालं अर्खांगेल्स्क. म्हणजे गाव जागचं हललं नाही, पण सात वर्षांत त्याने तीन राजधान्या बघितल्या!

याच फेररचनेत रेल्वेवरचं न्यान्दोमा, जे आधी कार्गोपोल उयेझ्दात होतं, स्वतंत्र रायोनचं केंद्र बनलं. म्हणून १८९७ चा आकडा मोठ्या उयेझ्दाचा आणि १९३९ चा लहान रायोनचा. दोघांतल्या फरकात माणसं किती गेली आणि हद्द किती कापली गेली, हे वेगळं केल्याशिवाय सामूहिक शेतीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्या काळात खरोखर ज्यांची घरंदारं गेली, त्यांची संख्या अशा हिशेबात फुगते तरी किंवा हरवते तरी.

दुसरा परिणाम कागदांवर होतो. दप्तर सहसा ज्या कचेरीने तयार केलं तिच्यामागे जातं. ओलोनेत्सच्या गव्हर्नरचा पत्रव्यवहार आजही पेत्रोझावोद्स्कमध्ये शोधावा लागतो. १९२२ ते १९२९ साठी आधी वोलोग्दा बघायचं, त्यानंतरच्या काळासाठी अर्खांगेल्स्क. १९२६ च्या जनगणनेतही कार्गोपोल वोलोग्दाच्या पानांवर आहे.

मग करायचं काय? आराखडा लिहिण्याआधी एक साधा तक्ता बनवा: वर्ष, एककाचं नाव, वरचं मुख्यालय, हद्दीत झालेला बदल. मग तुलनेसाठी एका वर्षाची हद्द पक्की धरा. शक्य असेल तिथे वोलोस्त किंवा ग्राम सोव्हिएतपर्यंत खाली उतरा आणि तुमच्या हद्दीतल्या गावांचेच आकडे जोडा. गुबेर्नियावार छापलेल्या वस्त्यांच्या याद्या इथे फार कामाला येतात.

काम कंटाळवाणं आहे, खरंय. पण मार्गदर्शकांनी “हा आकडा नेमका कुठल्या हद्दीचा?” असं विचारलं, तर उत्तर याच तक्त्यात मिळेल.