एकशे बारा पराभवांचे साल

अमेरिकेतील पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर, आणि १९५२ चा उन्हाळा त्या शहरास सर्वच बाजूंनी कडक गेला. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारी ताब्यात घेण्याचे फर्मान काढले, जूनच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्दबातल ठरविले, आणि त्यानंतर जो संप सुरू झाला त्यात जुलैच्या उत्तरार्धापर्यंत भट्ट्या थंड पडून राहिल्या. हातांस काम नसलेल्या माणसाने मन रमविण्यासाठी फोर्ब्स फील्डची वाट धरावी, तर तेथे त्याच्या गावचा बेसबॉलचा संघ, ‘पायरट्स’, हरण्यात इतका गढून गेला होता की, हंगाम संपला तेव्हा १५४ सामन्यांपैकी ४२ विजय आणि ११२ पराभव अशी त्याच्या खाती नोंद झाली. आठ संघांत तो आठवा आला आणि पहिल्या आलेल्या ब्रुकलिनच्या साडेचोपन्न सामने मागे राहिला. दुबळ्यातला दुबळा संघही तीनांत एक सामना जिंकतोच, असा या खेळातला ठोकताळा आहे. या संघाला तेवढेही साधले नाही. त्या गावाने याहून वाईट साल एकच पाहिले होते, ते १८९० चे, ११३ पराभवांचे.

मात्र हा पराभव केवळ दैवाने ओढवलेला नव्हता. बऱ्याच अंशी तो जाणूनबुजून पत्करलेला होता. १९५० च्या अखेरीस संघाचा कारभार ब्रँच रिकी यांच्या हाती आला होता. वकिलीचे शिक्षण घेतलेला, रविवारी मैदानात पाऊल न टाकणारा हा धर्मनिष्ठ आणि पैशाच्या बाबतीत कमालीचा घट्ट गृहस्थ, ज्याने जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत फोडली, त्याला अमेरिकेतील वृत्तपत्रे ‘महात्मा’ म्हणत. या पदवीचे मूळ आपल्या वाचकांस मौजेचे वाटेल. परमेश्वर, स्वतःचा बाप आणि टॅमनी हॉल, म्हणजे न्यूयॉर्कच्या बिलंदर राजकारणाचा अड्डा, या तिहींचे मिश्रण म्हणजे गांधीजी, असे जॉन गुंथर या लेखकाने लिहून ठेवले होते. ते वाचताच टॉम मीनी नावाच्या क्रीडापत्रकारास रिकी आठवले, आणि आपल्याकडे ज्या शब्दापुढे हात जुळतात तो शब्द एका बेसबॉलच्या कारभाऱ्यास जाऊन चिकटला.

रिकी यांची पद्धत सेंट लुईसमध्ये सिद्ध झालेली होती: गावोगावचे छोटे संघ पदरी बाळगावयाचे, त्यांत शेकडो पोरे भरती करावयाची, आणि त्यांतून जी चार-दोन निपजतील त्यांवर मोठा संघ उभारावयाचा. अमेरिकन लोक या व्यवस्थेस ‘शेत’च म्हणतात. पीक हाती येईपर्यंतची साले कशी काढावयाची, हा प्रश्न मात्र आपल्या कुणब्यास जितका परिचित आहे तितका तो सत्तर वर्षांच्या रिकींना जाचत असावा असे वाटत नाही. त्यांनी कोवळी रोपे उपटून थेट भर उन्हात लावली. मध्यमैदानात एकोणीस वर्षांचा बॉबी डेल ग्रेको आणि पहिल्या बेसवर विशीतला टोनी बार्टिरोमी, दोघेही त्याच गावचे. आणि जूनमध्ये ड्यूक विद्यापीठाच्या मैदानावरून, छोट्या संघात एकही दिवस न काढता, सरळ येऊन दाखल झालेला डिक ग्रोट. व्यवस्थापक बिली मायर यांच्याविषयी असे सांगतात की, माणसाचा धंदा ओळखण्याचा जो खेळ तेव्हा दूरचित्रवाणीवर चाले त्यात तुम्ही पुऱ्या गणवेशात जाऊन बसलात तरी कोणी तुम्हांस ओळखणार नाही, असे त्यांनी वैतागून या पोरांस सुनावले होते. हंगाम संपताच त्यांनी पद सोडले. मरी डिक्सन हा अनुभवी पिचर त्या साली एकवीस सामने हरला, आणि लोकांस तेवढेच स्मरते. पण संघाचे जे बेचाळीस विजय झाले त्यांतील चौदा, म्हणजे बरोबर एक तृतीयांश, त्याच्याच हातचे होते.

रॉन नेचायची हकीकत मला या सर्वांत अधिक चटका लावणारी वाटते. १३ मे १९५२ रोजी ब्रिस्टल येथे, अगदी खालच्या पायरीवरील एका सामन्यात, पोटातील व्रणाने बेजार असलेल्या या एकोणीस वर्षांच्या पोराने सत्तावीस फलंदाजांस तीन-तीन स्ट्राइकवर परत पाठविले आणि एकासही हिट मिळू दिली नाही. धंदेवाईक बेसबॉलमध्ये नऊ डावांच्या सामन्यात असा पराक्रम दुसऱ्या कोणी केलेला नाही. ऑगस्टमध्ये त्याला पिट्सबर्गला आणण्यात आले. तेथे बारा सामन्यांत एक विजय आणि सहा पराभव त्याच्या वाट्यास आले. पुढे खांदा गेला, आणि मोठ्या मैदानावर तो पुन्हा कधीच दिसला नाही.

संघात एक थोर खेळाडू होता तो राल्फ कायनर. त्या साली त्याने ३७ होमरन मारून सलग सातव्या वर्षी लीगमधील अग्रस्थान, या खेपेस शिकागोच्या हँक सॉअरसह विभागून, राखले. त्याची शेवटची पाळी आटोपली की प्रेक्षक उठून घरची वाट धरीत असे सांगतात. हंगामानंतर रिकींनी त्याचे वेतन कापावयास काढले. तुझ्यासह आपण शेवटचे आलो, तुझ्यावाचूनही शेवटचे येऊ शकू, असा त्यांचा युक्तिवाद कायनर जन्मभर सांगत असे. युक्तिवाद बिनतोड आणि तितकाच निष्ठुर. ४ जून १९५३ रोजी दहा खेळाडूंच्या एका देवघेवीत कायनरची रवानगी शिकागोला झाली, आणि रिकींच्या बोलाप्रमाणे संघ त्याच्यावाचूनही शेवटचाच आला.

१९५५ पर्यंत तो तळ सुटला नाही. पण तळाशी असण्याचाही एक मोबदला होता: दुसऱ्यांच्या छोट्या संघांतील असंरक्षित खेळाडू निवडण्याच्या वार्षिक पद्धतीत पहिला मान शेवटच्या संघाचा. त्या नियमानेच १९५४ च्या नोव्हेंबरमध्ये अवघ्या चार हजार डॉलरांत रोबेर्तो क्लेमेंते ब्रुकलिनच्या हातून निसटून पिट्सबर्गला आला. १९५५ नंतर रिकींनी सूत्रे खाली ठेवली. १३ ऑक्टोबर १९६० रोजी बिल मॅझेरॉस्कीच्या होमरनने न्यूयॉर्क यँकीज हरले आणि जगज्जेतेपद पिट्सबर्गला मिळाले, तेव्हा जुन्या पराभवांस दूरदृष्टीची गुंतवणूक म्हणण्याची चाल पडली. मला तो हिशेब अपुरा वाटतो. डिक्सन दुसऱ्या संघाकडे गेला होता, कायनरची कारकीर्द संपली होती, आणि डेल ग्रेको तर १९५६ मध्येच दुसऱ्या एका खेळाडूसह सेंट लुईसला धाडून त्याच्या मोबदल्यात बिल व्हर्डनला आणण्यात आले होते. मुद्दल एकांचे गेले आणि व्याज दुसऱ्यांनी खाल्ले.

फोर्ब्स फील्ड पाडून आता पन्नासाहून अधिक वर्षे झाली. विटांच्या कुंपणाचा एक तुकडा तेवढा पिट्सबर्गच्या विद्यापीठाच्या आवारालगत उभा आहे, आणि दर १३ ऑक्टोबरला दुपारी तेथे माणसे जमून १९६० च्या त्या अखेरच्या सामन्याचे रेडिओवरील धावते वर्णन पहिल्यापासून ऐकतात. १९५२ साली पिट्सबर्गसाठी मैदानात उतरलेल्यांपैकी त्यात दोघांचीच नावे येतात: डिक ग्रोट, आणि त्या साली सतरा सामने हरलेला बॉब फ्रेंड.