शेणाचा गोळा, मातीचा गोळा आणि दगड

गेल्या पावसाळ्यात पुण्यात बाईक घसरली आणि माझं उजवं मनगट मोडलं. उजवा हात म्हणजे कीबोर्ड, माऊस, चमचा, टूथब्रश, सगळंच. सहा आठवडे प्लास्टर. ते कापलं तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा! पण आतून जो हात निघाला तो माझा वाटेचना. बारीक झालेला, पांढुरका, आणि मूठ वळायला गेलो की बोटं निम्म्या वाटेवर थांबायची. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. हात अजून यायचाय. उद्यापासून फिजिओथेरपी."

फिजिओताईंनी पहिल्या दिवशी हातात स्पंजचा मऊ चेंडू दिला. दहा-बारा दिवसांनी रबराचा. मग त्याहून कडक. त्या चेंडूकडे बघताना मला बाबांचा हात आठवला.

आमचं घर सालेकसाला. माहीत नसेल तर सांगतो, गोंदिया जिल्हा, महाराष्ट्राचा ईशान्य कोपरा. मुंबई-हावडा लाईनवर आमच्यानंतर दरेकसा, आणि पुढे छत्तीसगड लागतं. हाजरा फॉल आणि कचारगड इथलेच. बाकी धान आणि जंगल. २००६ च्या रोवणीत बाबा धुऱ्यावरून घसरले आणि हातावर पडले. मी तेव्हा चौथीत होतो. शेजारच्या गावच्या हाडवैदाने हात ओढून बसवला, बांबूच्या कामट्या लावून कापड गुंडाळलं. दीड-दोन महिन्यांनी कामट्या सुटल्या. हाड जुळलं होतं, किंचित वाकडं, पण जुळलं होतं. निघताना एकच सूचना मिळाली, "हात सांभाळजो." बाबांनी ती तंतोतंत पाळली. महिनोन् महिने हात छातीशी धरून ठेवला. दिवाळीनंतर धानाची कापणी आली तेव्हा विळा डाव्या हातात गेला. तो आजही तिथेच आहे.

मी इतकी वर्षं त्या हाडवैदाला दोष देत आलो. इंजिनियरिंग झाल्यावर तर जरा जास्तच ("हे अडाणी लोक" वगैरे, कबूल करतो). प्लास्टरच्या सहा आठवड्यांत टायपिंग बंद होतं, म्हणून वाचत बसलो. तेव्हा लक्षात आलं की प्रकरण इतकं सरळ नाही.

पहिला धक्का लिव्हरपूलचा. आधुनिक अस्थिचिकित्सेचा एक जनक मानला जाणारा ह्यू ओवेन थॉमस हा हाडवैदांच्या घराण्यातला! वेल्समधलं हे घराणं पिढ्यान् पिढ्या हाडं बसवायचं. त्याचे वडील इव्हान थॉमस डिग्री नसलेले हाडवैद्य होते आणि शहरातले डॉक्टर त्यांच्यावर खार खाऊन असत. मुलाला त्यांनी रीतसर डॉक्टर केलं. मुलाचा मंत्र होता विश्रांती: सक्तीची, अखंड आणि दीर्घ. म्हणजे आमच्या हाडवैदाचं "हात सांभाळजो" हेच, फक्त इंग्रजीत. त्याच काळात फ्रान्समध्ये लुका-शाँपियोनिएर नावाचा सर्जन नेमकं उलट सांगत होता की मोडलेला अवयव लवकर हलवा, मालीश करा, नाहीतर हाड जुळेल आणि सांधा जाईल. दोघांचंही अर्धं-अर्धं खरं होतं. हाडाला स्थिरता लागते, पण स्नायू आणि सांधा स्थिर ठेवले की झिजतात नि आखडतात, आणि तेही थोड्याच आठवड्यांत.

हा वाद कागदावर मिटला नाही, तो मिटवला युद्धाने. थॉमसच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स त्याच्याच हाताखाली शिकला. पहिल्या महायुद्धात थॉमसची खपाची म्हणजे स्प्लिंट आघाडीवर पोचली आणि मांडीचं हाड मोडून मरणाऱ्या सैनिकांचं प्रमाण खूप खाली आलं. माणसं वाचली, पण वाचलेल्यांचं करायचं काय? जोन्सने १९१६ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश इथल्या लष्करी इस्पितळात कार्यशाळा काढल्या. जखमी सैनिकाला सुतारकाम द्यायचं, कारण रंधा मारताना कोपर आणि खांदा आपोआप चालतो. पायाने चालवायचं यंत्र दिलं की घोटा चालतो. व्यायाम आणि रोजगार एकाच बाकावर. पुनर्वसन हा शब्द आपण धरणग्रस्तांसाठी जास्त वापरतो, पण शरीराचं पुनर्वसन ही कल्पना इथे आकाराला आली.

आता गंमत बघा. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि खडकीवरून शेकडो वेळा गेलोय. तिथे क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पाटी वाचून मला ती एखादी आयटीआय वाटायची. ती संस्था १९१७ साली मुंबईत निघाली, पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी, आणि नंतर खडकीला आली. १९४४ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, पुण्यातच लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. खडकीलाच पुढे कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आलं. म्हणजे ज्या शहरात मी चेंडू दाबत बसलो होतो, तिथे ही विद्या शंभर वर्षं जुनी आहे.

मूळचे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर याच परंपरेतले. लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचा भाग गेला. उपचार म्हणून पोहायला लावलं, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण मिळालं, वेळ ३७.३३ सेकंद. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं! (२०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' आल्यावर तर सगळ्यांनाच ते आधीपासून माहीत होते.)

सैनिकांनंतर पाळी आली मुलांची, पोलिओमुळे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम इस्पितळात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. सालेकसाच्या स्टेशनातून जाणारे रूळ त्याच मुंबईला जातात, हजारेक किलोमीटर. पण त्या रुळांवरून ही विद्या आमच्याकडे यायला पन्नास-साठ वर्षं लागली. गोंदियाला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं २०१६ मध्ये. बाबा पडले २००६ मध्ये. दहा वर्षांनी चुकले म्हणायचं.

मी इथपर्यंत आलो होतो आणि निष्कर्षही तयार होता: विद्या बाहेरून आली, उशिरा आली, आम्ही कोपऱ्यात राहिलो. मग दुसरा धक्का बसला.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या हाडांवर एक अख्खा अध्याय आहे. खपाच्या कशाच्या करायच्या याची यादी आहे: मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली, बांबू, साल, वड. मी ती यादी दोनदा वाचली. अहो, हे तर आमचं जंगल आहे! पट्टी फार घट्ट नको, फार सैल नको, उन्हाळ्यात लवकर बदला, थंडीत उशिरा चालेल, असंही दिलंय. आमच्या हाडवैदाला यातलं बरंचसं येत होतं, कुठल्याही पुस्तकाशिवाय.

आणि त्याच अध्यायात तळहाताच्या मोडीसाठी हे आहे: जुळल्यावर रुग्णाने हातात आधी शेणाचा गोळा धरावा, मग मातीचा, आणि हातात बळ आलं की दगड.

स्पंज, रबर, कडक रबर. फिजिओताईंचा प्रोग्रॅम दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला. (आता लगेच "बघा, आपल्याकडे सगळं होतंच" असं म्हणू नका. शेफर्ड्स बुशमध्ये सांध्यागणिक काम ठरलेलं होतं, मोजमाप होतं, आणि मुख्य म्हणजे पाठपुरावा करणारं माणूस पगारावर होतं.) मला टोचलं ते वेगळंच. कामट्यांचं ज्ञान हातोहात पुढे आलं आणि गोळ्याचं वाटेत कुठेतरी गळलं. आमच्या अंगणात शेण होतं, माती होती, दगड तर विचारूच नका. २००६ मध्ये बाबांच्या हातापासून या तिन्ही वस्तू दहा पावलांवर होत्या.

दिवाळीला महाराष्ट्र एक्स्प्रेसने घरी गेलो तेव्हा माझे चेंडू घेऊन गेलो. त्याआधी फिजिओताईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी मनगट मागे वळणार नाही, पकड थोडी सुधारेल, करून बघा. बाबांनी चेंडू दाबून पाहिला, हसले, बाजूला ठेवला. मग मी सुश्रुताची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

"तवाच सांगतलं असतं कोनी, त..." एवढं म्हणून ते गोठ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर एक मातीचा गोळा वाळत होता. बांधीतल्या काळ्या मातीचा, चेंडूपेक्षा थोडा मोठा. आई म्हणाली, पहाटे उठून केला. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाले दुसरा करावा लागला, पहिला फुटला.

"पडला का?"

"नाही बाबू. दाबला."