मोबाइल ॲपवरील स्वाक्षरी आणि किल्लीची मालकी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी राज्यकारभारातील पत्रांवर प्रारंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटविण्याची पद्धत होती. शिक्क्यावरून पत्र कोणाचे आहे हे कळे. मोर्तबावरून मजकूर कोठे संपला हे कळे व त्यापुढे कोणाला शब्द वाढविता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आज केवळ ‘अंतिम मान्यता’ या अर्थाने वापरला जात असला, तरी त्यामागे कर्त्याची ओळख आणि मजकुराची अखंडता अशा दोन स्वतंत्र हमी आहेत. मोबाइल ॲप वितरणासाठी सिद्ध करताना त्यावर जी डिजिटल स्वाक्षरी करावी लागते, तिच्याकडूनही याच दोन हमींची अपेक्षा असते. मात्र २००४ नंतरच्या दोन दशकांत या स्वाक्षरीला परवानगी हा तिसरा अर्थ प्राप्त झाला. स्वाक्षरीची किल्ली कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाचे उत्तर या काळात कसे बदलत गेले, याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

तांत्रिक पार्श्वभूमी :

डिजिटल स्वाक्षरीची संकल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या व १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीमुळे ती प्रत्यक्षात आली. या पद्धतीत परस्परांशी गणिती नाते असलेल्या दोन किल्ल्या असतात. गुप्त किल्ली निर्मात्याजवळ राहते. सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते. आज्ञावलीच्या सर्व मजकुरावरून एक छोटा गणिती ठसा काढला जातो आणि गुप्त किल्लीने त्यावर स्वाक्षरी केली जाते. आज्ञावलीतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो व सार्वजनिक किल्लीने पडताळणी करताना ती तफावत उघड होते. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने महाजालावरून उतरविल्या जाणाऱ्या आज्ञावलींसाठी ‘ऑथेंटिकोड’ ही व्यवस्था आणली, तेव्हा या तत्त्वाला संगणकाच्या दैनंदिन व्यवहारात स्थान मिळाले.

सिम्बियनचा कालखंड :

मोबाइल फोनच्या क्षेत्रात हा प्रश्न तीव्र झाला तो २००४ मध्ये. त्या वर्षी ‘कॅबिर’ हा ब्लूटूथद्वारे पसरणारा उपद्रवी प्रोग्रॅम सिम्बियन प्रणालीच्या फोनवर आढळला. त्याच वर्षी ‘सिम्बियन साइन्ड’ ही प्रमाणन योजना सुरू झाली. २००५ च्या सिम्बियन ९ पासून तर फोनमधील संवेदनशील सुविधा वापरणाऱ्या ॲपला प्रमाणित स्वाक्षरी अनिवार्य झाली. त्यासाठी निर्मात्याला प्रमाणपत्र विकत घ्यावे लागे आणि चाचणी संस्थेकडून ॲप तपासून घ्यावे लागे. एकट्याने काम करणाऱ्या हौशी निर्मात्याला हा खर्च व विलंब जाचक होता.

या व्यवस्थेचा एक दोष वापरकर्त्यांनीही अनुभवला. प्रमाणपत्राची मुदत संपली की ॲप बसविताना फोन नकार देई. त्यावर फोनमधील दिनांक मागे नेऊन ॲप बसविण्याची युक्ती त्या काळी सर्रास वापरली जात असे. १ जानेवारी २०१४ पासून नोकियाने सिम्बियनसाठी नवी ॲप्स व सुधारित आवृत्त्या स्वीकारणे बंद केले. फोन लोकांच्या हाती होते, निर्मातेही होते. परंतु ॲप स्वीकारणारे दारच मिटले होते.

२००८ : दोन भिन्न मार्ग :

१० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप्ससह सुरू झाले, तर २२ ऑक्टोबर २००८ रोजी गूगलचे अँड्रॉइड मार्केट खुले झाले. स्वाक्षरीविषयी दोहोंनी परस्परविरुद्ध भूमिका घेतल्या.

ॲपलच्या व्यवस्थेत निर्मात्याने वर्षाला ९९ डॉलर भरून नाव नोंदवावे, ॲपलने दिलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे स्वाक्षरी करावी आणि परीक्षणानंतर ॲपलने स्वतःच्या स्वाक्षरीसह ॲप वितरित करावे, असा क्रम होता. येथे स्वाक्षरी ही ओळखीइतकीच परवानगीची खूण होती. याची प्रचिती जानेवारी २०१९ मध्ये आली. संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी दिलेले फेसबुकचे प्रमाणपत्र ॲपलने नियमभंगाच्या कारणावरून रद्द केले आणि कर्मचाऱ्यांच्या फोनवरील अंतर्गत ॲप्स चालेनाशी झाली.

अँड्रॉइडने मात्र निर्मात्याला स्वतःच किल्ली तयार करून स्वतःच स्वाक्षरी करण्याची मुभा दिली. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये मान्य असलेल्या डिजिटल स्वाक्षरीसाठी परवानाधारक प्रमाणन प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते. अँड्रॉइडच्या स्वाक्षरीला अशा कोणत्याही त्रयस्थाची गरज नव्हती. ती निर्माता कोण हे सांगत नसे; नवी आवृत्ती जुन्याच निर्मात्याची आहे, एवढेच सांगे. किल्ली बदलली तर फोन नवी आवृत्ती नाकारी. किल्लीच्या प्रमाणपत्राची मुदत २२ ऑक्टोबर २०३३ नंतर संपावी, अशी अट होती. मार्केट सुरू झाल्याच्या दिवसापासून बरोबर पंचवीस वर्षांचा हा काळ होय. सिम्बियनच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांशी तुलना करता हा फरक लक्षणीय ठरतो.

या स्वातंत्र्याची जोखीमही निर्मात्यावरच होती. संगणक बिघडून किल्ली हरवली, अथवा तिचा परवलीचा शब्द विस्मरणात गेला, तर ॲपची सुधारित आवृत्ती देणे कायमचे अशक्य होई. नव्या नावाने ॲप प्रसिद्ध करून वापरकर्ते पुन्हा पहिल्यापासून जमवावे लागत.

स्वाक्षरीच्या मर्यादा :

जुलै २०१३ मध्ये अँड्रॉइडच्या पडताळणीतील एक गंभीर त्रुटी उघड झाली. ॲप हे अनेक फाइलींचे एकत्र बांधलेले गाठोडे असते. मूळ पद्धतीत गाठोड्यातील प्रत्येक फाइलचा ठसा स्वतंत्रपणे तपासला जाई; समग्र गाठोड्यावर मोहोर नव्हती. एकाच नावाच्या दोन फाइली आत ठेवल्यास पडताळणी एकीची होई आणि फोनवर चालविली जाई दुसरी. शिक्का खरा, पण मोर्तब नसल्याने मजकूर वाढविता येत होता, असेच याचे वर्णन करता येईल. ती त्रुटी दुरुस्त करण्यात आली. पुढे २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये संपूर्ण गाठोड्याचीच पडताळणी करणारी दुसरी पद्धत आली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये जुन्या किल्लीच्या साक्षीने नवी किल्ली स्वीकारण्याची सोय झाली.

सप्टेंबर २०१५ मधील ‘एक्सकोडघोस्ट’ प्रकरणाने दुसरी मर्यादा दाखविली. ॲपलच्या ॲप-निर्मिती साधनाची दूषित प्रत चीनमध्ये प्रसृत झाली होती. ती वापरणाऱ्या निर्मात्यांच्या ॲप्समध्ये त्यांच्या नकळत घातक भाग शिरला आणि रीतसर स्वाक्षरी व परीक्षण होऊन ती ॲप्स स्टोअरमध्ये पोहोचली. स्वाक्षरी कर्त्याची साक्ष देते, कृतीच्या शुद्धतेची नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

किल्लीचे हस्तांतरण :

२०१७ मध्ये गूगलने ॲपची अंतिम किल्ली स्वतःकडे सांभाळण्याची सेवा देऊ केली. निर्मात्याजवळ केवळ ‘अपलोड’ किल्ली राहते. ती हरवल्यास ओळख पटवून बदलून मिळते. ऑगस्ट २०२१ पासून गूगल प्लेवरील नव्या ॲप्सना ‘ॲप बंडल’ स्वरूप अनिवार्य झाले. या स्वरूपात प्रत्येक फोनला अनुरूप असे ॲप गूगल स्वतः बांधते, म्हणून त्यावर स्वाक्षरीही गूगलजवळील किल्लीनेच होते. किल्ली हरविण्याचे भय संपले. परंतु वापरकर्त्याच्या फोनवर पोहोचणारी अंतिम स्वाक्षरी निर्मात्याच्या हातून गेली. निर्मात्याला मूळ मजकुराची वेगळी साक्ष जोडता येते. मात्र ती ऐच्छिक असून ॲप बसविताना फोन ती तपासत नाही.

याला पर्यायी परंपराही आहे. २०१० मध्ये सुरू झालेले ‘एफ-ड्रॉइड’ हे मुक्त आज्ञावलींचे भांडार मूळ संहितेवरून ॲप स्वतः बांधून स्वतःची स्वाक्षरी करते. मात्र त्यांनी बांधलेले ॲप निर्मात्याच्या ॲपशी तंतोतंत जुळल्यास निर्मात्याचीच स्वाक्षरी कायम ठेवता येते. येथे विश्वासाचा आधार पडताळणीची खुली वाट हा आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने आणखी एक पाऊल जाहीर केले. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर व थायलंड येथे प्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख नोंदविलेल्या निर्मात्यांचीच ॲप्स बसविता येतील, मग ती स्टोअरबाहेरून घेतलेली का असेनात, असे त्याचे स्वरूप होते. त्यावर आक्षेप आल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये जाणकार वापरकर्त्यांसाठी स्वतंत्र वाट ठेवण्याचे सूचित करण्यात आले. २००८ मध्ये ओळख न विचारणारी व्यवस्था अशा प्रकारे ॲपलच्या मार्गाजवळ येऊ लागली आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, स्वाक्षरीचे गणित फारसे बदलले नाही. बदलला तो किल्लीचा धनी. प्रत्येक बदलामागे उपद्रवी ॲप्स, हरवलेल्या किल्ल्या, सदोष पडताळणी यांसारखे सबळ कारण होते, हे नाकारता येत नाही. परंतु प्रत्येक उपायाने निर्मात्याचा अधिकार थोडा कमी करून वितरकाकडे दिला, हेही तितकेच खरे. सिम्बियनच्या अखेरीचा अनुभव पाहता ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. ज्याच्या हाती शिक्का, त्याच्या इच्छेवर लेखाचे आयुष्य अवलंबून राहते. म्हणूनच ॲप-निर्मितीच्या अध्यापनात स्वाक्षरीची कृती शिकविताना किल्ली कोठे राहते, ती कोण वापरू शकतो आणि वितरक उद्या नसल्यास काय उरेल, या प्रश्नांनाही स्थान मिळणे आवश्यक आहे.