एआय एजंट नवे, प्रश्न मात्र जुने

'एआय एजंट' हा शब्द सध्या दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. पण तो काही काल-परवाचा नाही. आज जरा मागे जाऊ.

१९९३ मध्ये योआव शोहम यांनी 'एजंट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग'वर शोधनिबंध लिहिला. कल्पना साधी. प्रोग्रामच्या तुकड्याकडे नुसता डेटा आणि फंक्शन नाही, तर त्याच्या काही समजुती असतात, तो दुसऱ्याला शब्द देतो, असं धरून कोड लिहायचा. ऑब्जेक्टची मेथड कॉल केली की ती चालतेच. एजंटला विनंती करावी लागते. करायचं की नाही, ते तो ठरवतो.

आता असं सॉफ्टवेअर डिझाइन कसं करायचं? इथून वेगवेगळ्या पद्धती निघाल्या. २००० साली वूल्ड्रिज, जेनिंग्ज आणि किनी यांची 'गाया' आली. अख्खी सिस्टीम म्हणजे एक संस्था, आणि प्रत्येक भूमिकेच्या जबाबदाऱ्या आणि परवानग्या लिहून काढायच्या. टोरांटो आणि ट्रेंटोच्या मंडळींची 'ट्रोपोस' त्याही आधीच्या टप्प्यावर थांबून विचारते: हे हवंय कुणाला, आणि कोण कुणावर अवलंबून आहे? मेलबर्नच्या आरएमआयटीतली, पॅडगम आणि विनिकॉफ यांची 'प्रोमिथियस' एजंटच्या आतल्या प्लॅनपर्यंत उतरते. अमेरिकेत स्कॉट डिलोक यांची 'मासे' होती.

मग यातली चांगली कोणती?

२००३ मध्ये डॅम आणि विनिकॉफ यांनी मासे, प्रोमिथियस आणि ट्रोपोसची तुलना केली. निकष चार: संकल्पना, मॉडेलिंगची भाषा, प्रक्रिया आणि व्यवहारातली सोय. पण गंमत बघा, विनिकॉफ स्वतः प्रोमिथियसचे जनक. म्हणजे खेळाडूच पंच! म्हणून त्यांनी फक्त स्वतःचं मत दिलं नाही. पद्धतींच्या निर्मात्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. शिवाय विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या पद्धतींनी एकच अ‍ॅप करायला दिलं, प्रवासाचं नियोजन करणारं, आणि त्यांनाही तेच प्रश्न विचारले.

निष्कर्ष? एजंटच्या मूळ संकल्पना तिघींनाही बऱ्यापैकी जमल्या होत्या. पण गुणवत्तेची खात्री, खर्च आणि वेळेचा अंदाज, मॅनेजरला निर्णय घ्यायला मदत, इथे सगळ्याच कच्च्या. थोडक्यात, कॉलेजात पास, कंपनीत अजून प्रोबेशनवर.

मला यातली प्रश्नावली तितकी महत्त्वाची वाटत नाही. तक्त्यात 'आहे' अशी टिक लागते, पण त्याचा उपयोग होतो का, हे टिक सांगत नाही. एकच काम वेगवेगळ्या पद्धतींनी करून बघणं, हा खरा धडा.

आज नवं एजंट फ्रेमवर्क आलं की आपण डेमो बघतो आणि इन्स्टॉल करतो. तो डेमो बनवणाराच दाखवत असतो, हे विसरतो. आणि गायाचा प्रश्न तर विचारतच नाही: या एजंटला माझे मेल वाचायची परवानगी आहे, पण डिलीट करायची आहे का? ते कुठे लिहिलंय?

पुढचा एजंट जोडण्याआधी एवढं एका कागदावर लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!