मोंसांतू

पोर्तुगालच्या पूर्व भागातील, स्पेनच्या सरहद्दीजवळचे एक ऐतिहासिक डोंगरी खेडे. जिल्हा कास्तेलु ब्रांकु, नगरपालिका क्षेत्र इदान्या-अ-नोव्हा. समुद्रसपाटीपासूनची उंची ७५८ मी. (माथा). लोकसंख्या ८२९ (२०११). ही संख्या संपूर्ण ‘फ्रेगेझिया’ची आहे, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकाची (गोमंतकीयांना हा शब्द जुन्या दस्तऐवजांतून परिचित आहे). तीत पायथ्याच्या वाड्याही धरलेल्या असून प्रत्यक्ष डोंगरावर राहणारे लोक याहून पुष्कळच कमी आहेत. २०१३ मध्ये हा व शेजारचा इदान्या-अ-व्हेल्या हे दोन घटक एकत्र करण्यात आले.

नाव लॅटिन ‘मोन्स सांक्टुस’ म्हणजे ‘पवित्र डोंगर’ यावरून आले. बीटी कपाशीमुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झालेल्या मोन्सँटो या अमेरिकी कंपनीशी गावाचा संबंध नाही. कंपनीचे नाव संस्थापकाच्या पत्नीच्या माहेरच्या आडनावावरून पडले आहे. लिस्बन शहरातील याच नावाचे वनोद्यानही वेगळे.

भोवतालच्या सपाट माळातून हा ग्रॅनाइटचा डोंगर एकटाच वर उठला आहे. ऊन, पाऊस व थंडीने खडक भेगांवर झिजत गेला, कोपरे गळून पडले आणि घराएवढ्या, काही ठिकाणी घराहून मोठ्या गोलसर गंडशिळा उतारावर उरल्या. गाव वसवणाऱ्यांनी त्या फोडल्या नाहीत किंवा बाजूलाही सारल्या नाहीत. दोन शिळांमधल्या फटीत भिंत घालून दार बसवले, शिळेचीच मागची भिंत केली, कुठे शिळेचेच छप्पर केले. एकाच शिळेने झाकलेल्या एका घराला ‘एकाच कौलाचे घर’ असे नाव आहे. डुकरे ठेवण्यासाठी रचलेले दगडी गोठेही याच पद्धतीचे असून ते किल्ल्याकडे जाताना दिसतात. गल्ल्या अरुंद, फरसबंद व चांगल्याच चढाच्या आहेत. खालच्या घराचे छप्पर वरच्या गल्लीच्या पायाशी येते.

इतिहास : डोंगरावर प्राचीन काळापासून वस्ती होती. रोमन, व्हिसिगॉथ व अरब यांच्या सत्ता या प्रदेशात एकामागून एक आल्या. पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसु एन्रिकश याने अरबांकडून घेतलेला हा मुलूख ११६५ मध्ये टेंपलर या लढवय्या धर्मसंघाकडे सोपवला. संघाचा पोर्तुगालमधील प्रमुख गुआल्दिं पाइश याने माथ्यावर किल्ला बांधला. तोमार येथील प्रसिद्ध किल्लाही त्याचाच. गावाला ११७४ मध्ये सनद मिळाली. दिनिश राजाने १३०८ मध्ये पायथ्याच्या सांव पेद्रु द व्हिर-अ-कोर्सा या चॅपेलपाशी जत्रेचा बाजार भरवण्याची परवानगी दिली, तर मनुएल राजाने १५१० मध्ये नवी सनद दिली. सतराव्या शतकात स्पेनच्या राजाचा मंत्री लुइस दे आरो याला हे ठाणे घेता आले नाही. स्पेनच्या वारसायुद्धात, १७०४ मध्ये, बेरिकच्या ड्यूकच्या फौजेने येथे चढाई केली. हा ड्यूक इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सचा अनौरस मुलगा. मार्केश दश मीनाश याच्या नेतृत्वाखाली पोर्तुगीजांनी ठाणे सोडवले. शत्रूला जे साधले नाही ते दारूगोळ्याच्या कोठाराने साधले: एकोणिसाव्या शतकात अपघाताने झालेल्या स्फोटात किल्ल्याचा बराच भाग उडाला. १८५३ पर्यंत गाव नगरपालिकेचे मुख्य ठिकाण होते.

किल्ल्याचे तट, दरवाजे व आतील सांता मारिया चॅपेल आज पाहता येतात. तटाबाहेर सांव मिगेल हे रोमनेस्क शैलीतील छप्पर नसलेले चॅपेल असून जवळच खडकात माणसाच्या आकाराच्या कबरी कोरलेल्या आहेत. किल्ल्यापेक्षा ही जागा अधिक पाहण्याजोगी आहे. बहुतेक प्रवासी मात्र तटावरूनच परततात.

वेढ्याची कथा : शत्रूचा वेढा लांबला. कोणी तो रोमनांचा म्हणतात, कोणी अरबांचा. गावात एक वासरू व थोडे धान्य एवढेच उरले. गावकऱ्यांनी सगळे धान्य वासराला चारून ते कड्यावरून खाली फेकले. त्याच्या फुटलेल्या पोटातून धान्य सांडलेले पाहून, वर अजून भरपूर साठा आहे असे समजून शत्रूने वेढा उठवला. फ्रान्समधील कार्कासॉनला हीच कथा डुकराच्या नावाने सांगतात, तेव्हा तीत इतिहास शोधू नये. ३ मेच्या सुमारास होणाऱ्या पवित्र क्रुसाच्या उत्सवात स्त्रिया किल्ल्यावर चढतात आणि वासराऐवजी फुलांनी भरलेले पांढरे मडके तटावरून खाली टाकतात. त्या वेळी वाजणारे ‘अदुफ’ हे चौकोनी, दोन्ही बाजूंनी कातडे मढवलेले वाद्य स्त्रियाच वाजवतात. ‘अदुफ’ आणि मराठी ‘डफ’ हे दोन्ही शब्द मुळात एकाच अरबी शब्दाचे आहेत. उत्सवात ‘माराफोना’ नावाच्या चिंध्यांच्या बाहुल्याही नाचवतात. लाकडी क्रुसावर कापड गुंडाळून केलेल्या या बाहुल्यांना डोळे, कान, तोंड काहीच नसते. लग्नाच्या रात्री अशी एक बाहुली नवदांपत्याच्या पलंगाखाली ठेवतात: तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि बाहेर जाऊन सांगताही येत नाही.

१९३८ मध्ये हुकूमशहा सालाझारच्या राजवटीच्या प्रचार खात्याने ‘पोर्तुगालमधील सर्वांत पोर्तुगीज खेडे’ निवडण्याची स्पर्धा घेतली व मोंसांतू पहिले आले. बक्षीस चांदीचा कोंबडा. त्याची प्रतिकृती गावातील लुकानु मनोऱ्यावर बसवली आहे. स्पर्धा पुन्हा झाली नाही, त्यामुळे किताब आजही याच गावाकडे आहे. परीक्षकांना भावलेला ‘अस्सल’पणा बराचसा दारिद्र्याचा होता. फेर्नांदु नामोरा हा कादंबरीकार येथे काही काळ डॉक्टर होता. त्याच्या लेखनात या भागातील आजार, भूक व अंधश्रद्धा येतात. ‘अ नाव्ह द पेद्रा’ (दगडी जहाज, १९७५) या त्याच्या पुस्तकाचा विषय मोंसांतूच आहे.

ऑलिव्ह, मेंढपाळी व चीज हे पारंपरिक व्यवसाय. हल्ली मुख्य उत्पन्न पर्यटनाचे.

ऐतिहासिक खेड्यांच्या शासकीय योजनेत गावाचा समावेश असून या योजनेत आता बारा खेडी आहेत. २००६ पासून परिसर नातुर्तेजु भू-उद्यानात मोडतो. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ (२०२२) या दूरचित्रवाणी मालिकेचे काही चित्रीकरण येथे झाले.

कास्तेलु ब्रांकुपर्यंत लिस्बनहून रेल्वे आहे. तेथून गाव रस्त्याने सुमारे ५० किमी. वाहने गावाच्या तोंडाशीच ठेवावी लागतात. पुढे किल्ल्यापर्यंत सगळी चढण पायी असून शेवटच्या टप्प्यात सावली नाही. उन्हाळा कडक असतो. किल्ल्याच्या तटावर बहुतेक ठिकाणी कठडे नाहीत, आणि ओल्या ग्रॅनाइटवरून पाय घसरतो.