गोरेपणाचे मोल

लग्नसराईत नववधूच्या चेहऱ्यावर पावडरीचे जाड थर पाहिले की आम्हांला मरिया गनिंग आठवते. आयर्लंडात वाढलेली ही रूपवती १७५२ साली लॉर्ड कॉव्हेंट्रीशी विवाहबद्ध झाली. त्या काळी प्रतिष्ठित स्त्रिया गोरेपणासाठी शिशाचा सफेदा चोपडीत. शिशाच्या पत्र्यांना व्हिनेगरच्या वाफेत ठेवून तो तयार होई. त्याने कातडी बिघडे, आणि डाग झाकायला पुन्हा तोच सफेदा! पॅरिसमधील मेजवानीत पतीने तिचे रंगवलेले गाल भर पंगतीत रुमालाने खसाखसा पुसले, असे होरेस वॉलपोलने लिहून ठेवले आहे. (हा उद्धटपणा आम्हांला मुळीच रुचत नाही.) तिने मात्र सफेदा सोडला नाही. १७६० मध्ये ती निवर्तली. तिने तिशीही गाठली नव्हती. पुष्कळांनी बोट दाखविले ते सफेद्याकडेच.